पोच आल्याशिवाय पुढे नाही : कर्मिटची गोष्ट

मंडळी, माळ्यावरचा जुना डॉसवाला संगणक खाली काढला आणि नशिबाने तो चालू झाला, तरी आतल्या फाइली बाहेर कशा काढायच्या? यूएसबी नाही, वायफाय नाही. मागे एक सिरियल पोर्ट तेवढा असतो. मग आपण नल-मोडेम केबल जोडतो, दोन्हीकडे वेग सारखा ठेवतो आणि कर्मिट सुरू करतो. हे कर्मिट आलं कुठून, ते आज बघू.

साल 1981, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. विद्यार्थी डेक आणि आयबीएमच्या मोठ्या, सामायिक संगणकांवर काम करत. डिस्कवर प्रत्येकाच्या वाट्याला जागा थोडी, मग जुनं काम ठेवायचं कुठे? तेव्हा फ्लॉपीवाले छोटे संगणक आले होते. फाइल फ्लॉपीवर उतरवता आली, तर विद्यार्थ्याचं काम त्याच्याच हातात राहणार होतं.

फाइल पाठवायची एक्समोडेम ही पद्धत 1977 पासून होती. 128 बाइटांचा तुकडा पाठवायचा, पोच घ्यायची, पुढचा पाठवायचा. पण आठही बिट जसेच्या तसे पोचतील, हे तिनं गृहीत धरलं होतं. मोठ्या संगणकांच्या टर्मिनल लाइनवर तसं घडत नसे. कुठे आठवा बिट पॅरिटीत जाई, तर कुठे फाइलमधलं एखादं नियंत्रण-चिन्ह हुकूम समजलं जाई आणि पाठवणं मध्येच थांबे.

फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी यावर साधा तोडगा काढला. लाइन बदलता येत नाही ना, मग फाइलनंच साध्या अक्षरांचा वेश घ्यायचा. कंट्रोल-सी पाठवायचं असेल तर '#' आणि 'सी' अशी दोन साधी चिन्हं जातात, पलीकडे त्यांचं पुन्हा मूळ चिन्ह होतं. प्रत्येक पाकिटाला क्रमांक आणि चेकसम. नीट मिळालं तर 'वाय', नाहीतर 'एन', आणि तेच पाकीट पुन्हा.

याची किंमत वेळात मोजावी लागते. 9600 च्या वेगाला सेकंदाला फार तर 960 बाइट जातात. 1.44 एमबीची फ्लॉपी भरेल एवढ्या फाइलींना, वेश बदलण्याचा खर्च धरला नाही तरी, पंचवीस मिनिटं लागणारच. पण कर्मिट जवळपास कुठेही चालतं. विद्यापीठानं सोर्सकोड मोकळेपणानं वाटला आणि लोकांनी शेकडो प्रकारच्या यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या लिहिल्या. 2011 मध्ये विद्यापीठानं प्रकल्प बंद केला, तरी सी-कर्मिट मुक्त परवान्याखाली आजही मिळतं.

आता तुम्ही विचाराल, जुन्या यंत्रावर कर्मिटच नसेल तर? आधी कोंबडी की आधी अंडं? त्याचीही सोय तेव्हाच केलेली होती. डॉससाठीचं कर्मिट साध्या मजकुराच्या रूपातही मिळे. तो मजकूर लाइनवरून उतरवून घ्यायचा आणि एक छोटा बेसिक प्रोग्राम चालवून त्याचं पुन्हा कर्मिट करायचं.

शेवटी एक सूचना. फाइली काढताना दोन्हीकडे बायनरी मोड ठेवा. मजकूर मोडमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतात, आणि चित्राची किंवा प्रोग्रामची फाइल 'नीट पोचली' म्हणत बिघडलेली येते. आधी एकच फाइल पाठवा, पलीकडे उघडून बघा, मगच बाकीच्या. डिस्क पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते, म्हणून नक्कल झाल्याशिवाय जुनं यंत्र बंद करू नका.