तांब्याच्या तारेने शिवलेली होडी

१९६३ च्या जानेवारीत लंडनच्या बोट शोमध्ये ६३ पौंड ११ शिलिंगांना एक होडी विकायला आली, पण सुट्या तुकड्यांत. मापाने कापलेले प्लायवूडचे तक्ते, तांब्याची तार, काचतंतूची पट्टी आणि सूचनांची पुस्तिका घरी न्यायची आणि घरच्यांनीच ते सगळे जोडायचे. जोडून झाल्यावर १० फूट १० इंच लांब, ४ फूट ७ इंच रुंद आणि ४५ किलोंच्या आसपास वजनाची शिडाची होडी तयार होई. ‘डेली मिरर’ या दैनिकाने तिचा पुरस्कार केला होता, म्हणून नाव ‘मिरर’, आणि त्या दैनिकाच्या लाल नावपट्टीवरून शीडही लाल. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत मिळून या होड्यांचा आकडा ७० हजारांपलीकडे गेला. त्यात गॅरेजमध्ये अर्धवट राहिलेल्याही काही असणारच, तरी आकडा मोठा आहे. या यशाचे श्रेय सहसा स्वस्ताईला आणि वर्तमानपत्री जाहिरातीला दिले जाते. दोन्हींचा हातभार होता, पण मला खरे कारण बांधणीच्या पद्धतीत दिसते. होडीचा आकार तोवर ती बांधणाऱ्या मिस्त्रीच्या ताब्यात होता, त्याच्याकडून तो काढून घेऊन तक्त्यांच्या कडांत ठेवला गेला, आणि म्हणूनच होडी घरात बांधता येऊ लागली.

लाकडी होडी बांधायची आपल्याला माहीत असलेली रीत सांगाड्यावर उभी आहे. तळाला पठाण म्हणजे कणा, पुढे नाळ, मग वाक म्हणजे फासळ्या आणि वाकांवर फळ्या, हा क्रम कोकणातल्या माणसाला नवा नाही. यातले अवघड काम फळी वाकवण्याचे नसते. प्रत्येक वाकावर फळी निराळ्या कोनात टेकते आणि तिथे वाकाची कड नेमकी त्या कोनात तासावी लागते. हा कोन मिस्त्रीच्या डोळ्यात असतो. तो चुकला की फळी सांध्यावर नीट बसत नाही आणि होडी पाणी पिते. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी उत्तम प्लायवूड आणि न भिजणारे कृत्रिम सरस तयार झाले, ते युद्धानंतर बाजारात आले आणि हौशी लोक त्यातून होड्या बांधू लागले. पण त्या प्लायवूडच्या खालीही सांगाडा होताच आणि त्याच्या कडा तासाव्याच लागत.

मिररमध्ये सांगाड्याआधी कवच उभे राहते. तळाचे दोन तक्ते आणि बाजूंचे दोन जमिनीवर सपाट ठेवले तर त्यांच्या कडा एकमेकींशी जुळत नाहीत. एकीचा बाक जास्त, दुसरीचा कमी. कडेने बारीक भोके पाडून त्यांतून तारेचे तुकडे ओवायचे आणि बाहेरून पिळत जायचे. दोन वेगळ्या बाकांच्या कडा एकत्र ओढल्या गेल्या की तक्त्याला एकाच तऱ्हेने वळता येते, आणि त्या वळण्यातूनच होडीचे पोट तयार होते. मग आतल्या सांध्यावर काचतंतूची पट्टी रेझिनने चिकटवायची, ते कडक झाल्यावर बाहेरची तारेची टोके छाटून तिथेही पट्टी लावायची. आत बसवलेल्या आडव्या भिंती आणि बाजूच्या बंद पेट्या मजबुती देतात, आणि होडी उलटली तरी तिला तरंगत ठेवतात. हे तंत्र मूळचे केन लिटलडाइक या हस्तकला-शिक्षकाचे. त्याने ते छोट्या कनूंसाठी वापरले होते. घरदुरुस्तीचे कार्यक्रम करून बीबीसीवर लोकप्रिय झालेल्या बॅरी बकनेलने ते शिडाच्या होडीला लावले आणि जॅक होल्ट या अनुभवी आरेखकाने ती होडी चांगली चालेल अशी केली. जुन्या घरांची नक्षीदार दारे हार्डबोर्डखाली झाकायला शिकवल्याबद्दल बकनेलची पुढे बरीच टवाळी झाली आणि ती रास्तच होती. पण ज्याने कधी रंधा धरलेला नाही त्याच्या हातून काय होईल आणि काय होणार नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

कुटुंबाचा संबंध इथे येतो. आतून तार ओवायला एक माणूस, बाहेरून पकडीने पिळायला दुसरा. सगळे टाके आधी सैल ठेवून मग हळूहळू आवळायचे, म्हणजे दोघांनाही पुन्हा पुन्हा त्याच रांगेवरून फिरावे लागते. हे काम दहा वर्षांच्या मुलाला जमते आणि त्याच्या हातून बिघडलेला टाका कापून नवा घालता येतो. तासलेल्या लाकडाची ती सोय नाही.

आता आक्षेप. पहिला किमतीचा: मिरर स्वस्त होती म्हणूनच खपली. पण त्या काळी ब्रिटनमधल्या पुरुष कामगाराची सरासरी आठवड्याची कमाई पंधरा-सोळा पौंडांच्या आसपास होती; म्हणजे होडीला महिन्याची कमाई लागे. सहज खिशातून काढायची रक्कम ही नव्हे. शिवाय स्वस्त, प्लायवूडची, घरी बांधायची होडी त्याआधीही होती. याच जॅक होल्टने १९४७ मध्ये ‘कॅडेट’ आखली. मिररसारखेच बोथट नाक, जवळपास तेवढीच लांबी, ‘यॉटिंग वर्ल्ड’ मासिकाचा पाठिंबा. आरेखक तोच, लाकूड तेच, तरी तिची संख्या मिररच्या जवळपासही गेली नाही. कॅडेट मुलांच्या शर्यतींसाठी होती आणि मिररमध्ये अख्खे घर बसे, हा फरक मान्य आहे. पण कॅडेटच्या सांगाड्याला सुतारकी लागे, आणि हा फरक मला अधिक वजनदार वाटतो.

दुसरा आक्षेप खपाचा, आणि तो जास्त तगडा आहे. ‘डेली मिरर’चा खप १९६४ मध्ये पन्नास लाखांवर गेला; एवढ्या वाचकांपुढे काहीही ठेवले तरी विकले जाईल, असे म्हणता येते. पण जाहिरात सुट्या तुकड्यांचा खोका विकते, होडी पुरी करून देत नाही. होल्टचीच ‘एंटरप्राइज’ ‘न्यूज क्रॉनिकल’ने गाजवली, १९५६ च्या जानेवारीत अशा दोन होड्या रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडीपार नेऊन दाखवल्या. हे दैनिक १९६० मध्ये बंद पडले, होडी मात्र टिकली. माल खरा असेल तरच शेजारी दुसरा खोका मागवतो. मिररचे काटक रूप तर ए. जे. मॅकिनन या लेखकाने दाखवले: इंग्लंडमधल्या श्रॉपशरपासून बहुतांश नद्या-कालव्यांच्या वाटेने तो मिररमधून थेट काळ्या समुद्रापर्यंत गेला. तो प्रवास २००२ मध्ये पुस्तकरूपाने आला.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा माणूस घेईल: शिवलेल्या होड्या अरबी समुद्राला हजार वर्षांहून जुन्या, यात नवे काय? काथ्याने शिवलेली जहाजे इथे होतीच. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात तशीच शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झाली. पण तिथे काथ्या जन्मभर फळ्या धरून ठेवतो आणि त्या शिवणीसाठी पिढीजात कारागीर लागतो. ‘कौंडिण्य’साठीही ते केरळहून आणावे लागले. मिररमधली तार पट्टी सुकेपर्यंतची चिमटी आहे. साम्य टाक्यापुरते आहे, कारागिरीच्या हिशेबात दोन्ही उलट टोकांना आहेत.

माझ्या म्हणण्याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. कारागीर लागत नाही म्हणून होडी कुठल्याही घरात बांधली जाईल असे नाही. मिररची डोलकाठी आखूड, तिच्यावरून शीड उंच नेणारा वासाही आखूड, आणि सगळे होडीच्या पोटात मावून मोटारीच्या टपावर जाई. म्हणजे मोटार गृहीतच होती आणि बहुधा गॅरेजही. मुंबईत बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका मिररने खाल्ला असता. मिरर आखली गेली त्याच वर्षी, १९६२ मध्ये, पीटर मिल्नने सपाट प्लायवूडची ‘फायरबॉल’ आखली, तीही हौशी बांधणाऱ्यांसाठी. १९८२ च्या एशियाडमध्ये मुंबईच्या समुद्रात फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी तिच्यातच भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तरी इथे शिडाच्या शर्यती क्लब आणि सैन्यदले यांच्याच राहिल्या, माजघरात आल्या नाहीत.

उरतो जुन्या मिस्त्र्यांचा प्रश्न. खोक्यातल्या होडीने त्यांचे पोट मारले, ही तक्रार मला पटत नाही. मिरर घेणाऱ्यांतले बहुतेक मिस्त्रीकडे होडी बांधायला कधी गेलेच नसते. लहान लाकडी होडीचा धंदा बसवला तो फायबरग्लासने, म्हणजे मिररचे सांधे जोडणाऱ्या त्याच रेझिन आणि काचतंतूने, पण साच्यात थर देऊन. साच्यातून निघालेल्या होडीला ना तासायचा कोन असतो ना पिळायची तार. घेणाऱ्याने फक्त पैसे मोजायचे. मिररच्या नियमांनीही पुढे फायबरग्लासची होडी चालवून घेतली. शर्यतीत उतरणाऱ्यांना ती सोयीची पडली, कारण जोडणाऱ्याच्या हाताने दोन होड्यांत पडणारा फरक साच्यात जवळजवळ उरत नाही.