सक्तीच्या शिक्षणाचा वाद : खर्च कोणाचा आणि सक्ती कोणावर

प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे की नसावे, या वादाला महाराष्ट्रात १८८२ पासूनचा लेखी इतिहास आहे. त्या वर्षी हंटर आयोगापुढे, म्हणजे देशातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या मंडळापुढे, जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले आणि किमान बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सर्वांना सक्तीचे करावे अशी मागणी केली. या मागणीमागे पैशाचा रोखठोक हिशेब होता. मुंबई इलाख्यात जमीनमहसुलावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होई आणि त्याचा काही भाग शिक्षणाकडे जाई. फुल्यांचे म्हणणे असे की कर भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या वर्गातील मुले. गावच्या शाळेतील पंतोजी कसा असावा, हेही त्यांनी सांगितले आहे. तो शक्यतो शेतकरी जातीतला असावा, त्याला नांगराची मूठ किंवा सुताराची हत्यारे धरण्याची लाज वाटू नये, त्याने मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची व आरोग्याची मूलतत्त्वे शिकवावीत आणि त्याचा पगार दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा. सक्तीचा विचार करताना शिक्षकाच्या पगारापर्यंत उतरणारे लेखन पुढच्या तीस वर्षांत फारसे झाले नाही, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

प्रत्यक्ष प्रयोग मात्र ब्रिटिश मुलखाबाहेर झाला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये बडोदे संस्थानातील अमरेली भागात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि तेथील अनुभव पाहून १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केले. हा दाखला हाताशी घेऊन गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ठराव मांडला व सरकारच्या आश्वासनावर तो मागे घेतला. मग १६ मार्च १९११ रोजी त्यांनी रीतसर विधेयकच मांडले. त्या वर्षीच्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सहाच्या आसपास भरले होते.

विधेयकाची रचना पाहिली म्हणजे विरोधकांची धास्ती किती अंदाजून ते लिहिले होते ते कळते. सक्ती संपूर्ण देशावर नव्हती. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला ती हवी असेल तिने ठराव करायचा, प्रांतिक सरकारने त्यास मान्यता द्यायची, आणि तेही त्या भागातील मुलग्यांपैकी ठरावीक प्रमाणात मुलगे आधीच शाळेत जात असतील तरच; हे प्रमाण गोखल्यांच्या मते शेकडा ३३ असावे. वय सहा ते दहा. ज्या पालकाची मिळकत दरमहा दहा रुपयांहून कमी, त्याच्या मुलाला फी माफ. आजारपण आणि सुगीच्या दिवसांतील शेतीची निकड ही गैरहजेरीची सबळ कारणे मानली होती, कारण गुरे राखणारा किंवा धाकटी भावंडे सांभाळणारा मुलगा हा घरच्या उत्पन्नाचा भाग आहे, हे विधेयककर्त्याला ठाऊक होते. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि उरलेला स्थानिक संस्थेने उचलावा, अशी मांडणी होती. आपला वाटा भरून काढण्यासाठी संस्थेला शिक्षण-पट्टी, म्हणजे शिक्षणासाठी खास कर, बसवता येणार होता.

विरोधाचे मुद्दे तीन होते. लोकांकडून मागणी नाही. खुशीने होणारा शिक्षणप्रसार अजून पुरता झालेला नाही, मग सक्तीची घाई कशाला. आणि पैसा नाही. शिक्षणखात्याचे सभासद हारकोर्ट बटलर यांनी सरकारची बाजू लढवली, तर मदनमोहन मालवीय आणि महंमद अली जीना यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. पहिला मुद्दा दुबळा होता, कारण ज्याला अक्षरओळख नाही त्याने शिक्षणाची मागणी अर्ज करून नोंदवावी, ही अपेक्षाच विचित्र म्हणावी लागेल. पण पट्टीविषयीचा आक्षेप तितक्या सहज उडवून लावता येत नाही. गरिबाने आधी कर भरायचा, मग मुलाची मजुरी गमवायची आणि वर गैरहजेरीबद्दल दंडही द्यायचा, असा तिहेरी बोजा सक्तीमुळे पडू शकत होता, आणि बडोद्यातील दंडवसुलीवर टीका झाली ती याच कारणाने. फुल्यांनी तीस वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न येथे उलट बाजूने पुढे आला होता, इतकेच. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवण्याची सूचना ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळली गेली. विधेयक इतके मवाळ केल्याने एकही महत्त्वाचा विरोधक वळला नाही, हे पाहता गोखल्यांची सावधगिरी फुकट गेली असे म्हणता येईल.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हाच प्रश्न फर्मानाने सोडवला: शिक्षण मोफत व सक्तीचे, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. पुढच्याच वर्षी विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा झाला आणि वाद पुण्यात येऊन थांबला, तो मुलींच्या प्रश्नावर. पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करावी, मुलींचे पुढे पाहू, असे टिळकपक्षाचे म्हणणे. सक्ती दोघांनाही एकदम हवी, असा रमाबाई रानडे आणि विठ्ठल रामजी शिंदे यांचा आग्रह. टिळकपक्षावर याबद्दल बरीच टीका झाली व ती वाजवीही होती. मात्र गोखल्यांच्या विधेयकानेही मुलींना पुढच्या टप्प्यावरच ठेवले होते, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरले.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने चौदाव्या वर्षापर्यंतचे मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांत देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले. त्याला मूलभूत हक्काचे रूप २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आले. लोकांची मागणी नाही हा आक्षेप तोवर कोणी घेईनासे झाले होते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा केंद्र आणि राज्ये यांच्यातला मुख्य वाद खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा, हाच होता.