खाटांचा हिशेब आणि मद्रासचा प्रयोग

भोर समितीचा अहवाल १९४६ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील क्षयरोगाविषयी त्यात तीन आकडे होते. देशात सुमारे २५ लक्ष क्षयरोगी असावेत, दर वर्षी ५ लक्ष माणसे या रोगाने मरण पावतात, आणि त्या सर्वांसाठी उपलब्ध असलेल्या खाटा ६,००० च्या आसपास आहेत. ज्याचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले त्याला या आकड्यांचा अर्थ उलगडून सांगावयास नको. एका रोग्याने एक खाट वर्षभर अडवली असे धरले, तर पुढे एकही नवा रोगी उद्भवला नाही तरी रांगेतील शेवटच्या माणसाची पाळी येण्यास चारशेहून अधिक वर्षे लागली असती. प्रगत देशांत त्या काळी वर्षाकाठी होणाऱ्या प्रत्येक मृत्यूमागे एक खाट असावी, असे मान मानीत. ते मान येथे लावावयाचे तर ५ लक्ष खाटा हव्या होत्या. तेवढ्या इमारती, तेवढ्या परिचारिका आणि तेवढे दूध-अंडी पुरविणारे अंदाजपत्रक मांडण्याचे धाडस कोणत्याही अर्थखात्याने केले नसते.

तरीही खाट हीच उपचाराची पहिली अट आहे, याविषयी वैद्यकाच्या मनात शंका नव्हती. या श्रद्धेला शंभर वर्षांचा इतिहास होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेर्मान ब्रेमर याने सायलेशियातील ग्योर्बर्सडोर्फ या डोंगराळ गावी आरोग्यधाम काढले. पुढे दाव्होसचे नाव झाले. अमेरिकेत एडवर्ड ट्रूडोने सॅरानाक लेक येथे तोच मार्ग धरला. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, भरपूर सकस आहार आणि घरच्या माणसांपासून दूर वास्तव्य, ही त्या उपचाराची चतुःसूत्री. आपल्याकडेही मिरज, पाचगणी, भोवाली, मदनपल्ली, तांबरम ही नावे एका पिढीच्या कानाला हवापालटाची नव्हे, तर भीतीची वाटत. घरातील एखादे माणूस ‘मिरजेला नेले’ असे कोणी हलक्या आवाजात म्हणाले, की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारीत नसे. आरोग्यधामाचे प्रयोजन दुहेरी होते, हे येथे लक्षात ठेवावयास हवे. ते रोग्याला बरे करण्यासाठी होते आणि त्याच्या घरच्यांना वाचविण्यासाठीही होते. म्हणूनच केवळ पैसे नाहीत म्हणून त्याला पर्याय शोधणे हे डॉक्टरांना अधर्मासारखे वाटे.

दरम्यान औषधे आली होती. स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतली व १९४८ मध्ये तिचा वृत्तांत छापला. औषध तुटपुंजे होते. ते कोणाला द्यावयाचे हे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने डॉक्टरांच्या मर्जीवर न सोपविता बंद लखोट्यांतील चिठ्ठ्यांवर सोपविले, आणि त्यातून आधुनिक वैद्यकाला तुलनेची एक शिस्त लाभली. १९५२ मध्ये आयसोनायझिड हे स्वस्त औषध उपलब्ध झाले. त्याच्या जोडीला ‘पास’ या नावाने ओळखले जाणारे दुसरे औषध दिले, म्हणजे जंतू सहसा निर्ढावत नाहीत, हेही कळून आले. दोन्ही औषधे तोंडाने घेता येत होती. मग ती घेण्यासाठी रोग्याने खाटेवर पडून राहिलेच पाहिजे काय, हा प्रश्न आपोआपच उभा राहिला.

त्याचे उत्तर मिळविण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासच्या चेटपट भागात क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश परिषद असे चार धनी त्याला होते. चार धन्यांचे काम कसे चालते याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. हे मात्र चालले. केंद्राची धुरा वॉलेस फॉक्स या इंग्रज डॉक्टराकडे होती. परंतु देवदत्त, रामकृष्णन, वेलू, संख्याशास्त्रज्ञ राधाकृष्ण आदी येथल्या मंडळींची नावे त्या वृत्तांतांवर वर्षानुवर्षे दिसतात. इतिहास सांगताना फॉक्सचे नाव घेऊन थांबण्याची जी चाल पडली आहे, ती मला न्याय्य वाटत नाही.

प्रयोगाची रचना साधी होती आणि म्हणूनच कठोर होती. शहरातील गरीब वस्तीतले १९३ रोगी निवडले. कोणी घरी राहून औषध घ्यावयाचे आणि कोणी आरोग्यधामात जावयाचे, हे चिठ्ठीने ठरले. दोन्ही गटांना औषध एकच, मुदतही एकच, एक वर्षाची. आरोग्यधामातल्यांना विश्रांती, हवेशीर दालने, उत्तम आहार आणि परिचारिकांची देखरेख. घरी राहिलेल्यांना एक-दोन खोल्यांची दाटी, जमेल तसे काम आणि मिळेल ते अन्न. या तुलनेत घरच्या गटाचा पराभव ठरलेलाच आहे, असे त्या वेळी कोणालाही वाटले असते.

१९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत निष्कर्ष आले. वर्षाअखेरीस घरी उपचार घेतलेल्यांपैकी ८६ टक्के आणि आरोग्यधामातील ९२ टक्के रोग्यांचा रोग जंतुपरीक्षेच्या कसोटीवर शांत झालेला आढळला. शंभर वर्षांच्या हवा, विश्रांती आणि आहार यांच्या पदरी एवढेच अंतर आले. आरोग्यधामातल्यांचे वजन बरेच अधिक वाढले होते, त्यांचे अन्न निःसंशय चांगले होते. परंतु जंतू मारण्याचे काम औषधाने केले होते आणि ते झोपडीतही जवळजवळ तितकेच केले होते. पुढील वर्षांतील पाहणीतही आरोग्यधामातून परतलेल्यांचा रोग कमी उलटला असे दिसले नाही.

याहून मोठा प्रश्न घरच्या माणसांचा होता. रोगी घरात ठेवून आपण त्याच्या मुलांना रोग देत आहोत काय? केंद्राने दोन्ही गटांच्या कुटुंबियांची तपासणी पाच वर्षे चालविली. ज्यांचा रोगी वर्षभर दूर होता त्या कुटुंबांत नवे रोगी कमी निघाले नाहीत. कारण विचार केला तर सरळ आहे. निदान होण्यापूर्वी कित्येक महिने रोगी त्याच घरात खोकत असतो. व्हावयाचा संसर्ग तेव्हाच होऊन जातो. औषध सुरू झाल्यावर त्याची संसर्गशक्ती झपाट्याने उतरते. म्हणजे मायलेकरांची ताटातूट करून जे संरक्षण आपण देतो असे मानले जात होते, ते मुळात संरक्षणच नव्हते. गरीब घरातील बाईने वर्षभर आरोग्यधामात राहावयाचे म्हणजे त्या घराचे काय होत असेल, याचा हिशेब जुन्या पद्धतीत कोठेच मांडलेला नव्हता.

मात्र खर्च नाहीसा झाला असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. तो दुसऱ्या सदराखाली गेला. ‘पास’ हे औषध मोठ्या मात्रेत घ्यावे लागे आणि पोट बिघडवी. दोन-तीन महिन्यांत रोग्याला बरे वाटू लागे, आणि बरे वाटणारा माणूस औषध टाकून देतो; त्याबाबतीत मद्रासचा हमाल आणि दिल्लीचा अवर सचिव यांत भेद नाही. केंद्राची माणसे पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेले औषध मोजीत, लघवी तपासून औषध खरोखर पोटात गेले की नाही ते पाहत. याच अनुभवातून पुढचा प्रयोग निघाला. रोज घरी औषध देण्याऐवजी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात बोलावून डोळ्यांसमोर औषध दिले तर? १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगाने ही पद्धत उत्तम चालते असे दाखविले. १९९० नंतर ‘डॉट्स’ या नावाने जी पद्धत जगभर पसरली, तिचे एक मूळ चेटपटमध्ये आहे.

मद्रासने ‘कसे द्यावे’ हे सांगितले. ‘कोठे द्यावे’ हे सांगण्याचे काम बंगलोरला झाले. १९५९ मध्ये तेथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफडान माहलेर तेव्हा तेथे होते. खेड्यातील अडाणी माणसाला आपल्या रोगाची जाणीव नसते, म्हणून फिरती क्ष-किरण यंत्रे घेऊन घरोघर शोध घ्यावा लागेल, असा सर्वमान्य समज होता. डी. बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात रोग्यांनाच विचारून पाहिले आणि १९६३ मध्ये उत्तर छापले. बहुतेक रोग्यांना आपल्या लक्षणांची पुरती जाणीव होती. सुमारे निम्मे तर सरकारी दवाखान्याची पायरीही चढून आले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. रोगी शासनाकडे आला होता, शासन त्याला ओळखू शकले नव्हते. आपल्या देशाच्या प्रशासनाविषयी लिहिलेल्या अनेक ग्रंथांपेक्षा हा एक निष्कर्ष मला अधिक बोलका वाटतो. १९६२ पासून राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सामान्य दवाखान्यांतूनच चालवावयाचा ठरला, त्यामागे याच अभ्यासांचे बळ होते. क्ष-किरणांच्या गाडीपेक्षा थुंकीची काच आणि सूक्ष्मदर्शक यांना महत्त्व आले.

युरोपातील आरोग्यधामे ओस पडली. दाव्होसच्या काही इमारतींत आज प्रवासी उतरतात. आपल्याकडील कित्येकांची सामान्य रुग्णालये झाली. परंतु मद्रासच्या निष्कर्षाचा एक सोयीस्कर अर्थ आपल्या धोरणात शिरला, आणि त्याविषयी बोलले पाहिजे. औषध दिले तर कमी अन्नावरही रोगी बरा होतो, हे प्रयोगाने दाखविले होते. त्याचे ‘अन्नाचा या रोगाशी संबंध नाही’ असे रूपांतर टिप्पण्या-प्रतिटिप्पण्यांच्या प्रवासात केव्हा झाले ते सांगणे कठीण; पण झाले खरे. बरे होण्यास अन्न लागते काय आणि रोग न होण्यास अन्न लागते काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मद्रासने पहिलाच विचारला होता. दुसरा नीट विचारला जाण्यास सहा दशके लागली.

तो विचारला गेला झारखंडमध्ये, २०१९ ते २०२२ या काळात. अनुराग व माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्याने चालविलेल्या या अभ्यासात चेटपटचीच संस्था सहभागी होती. तिचे नाव आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था असे आहे. २,८०० रोग्यांच्या घरांतील १०,००० हून अधिक माणसे यात होती. रोग्यांना दोन्ही गटांत शिधा मिळाला. घरच्या माणसांना मात्र एका गटात शिधा दिला, दुसऱ्यात नाही. कोणता भाग कोणत्या गटात जाईल हे मद्रासप्रमाणेच चिठ्ठीच्या न्यायाने ठरले. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. शिधा मिळालेल्या घरांत क्षयाचे नवे रोगी ३९ टक्क्यांनी कमी निघाले, आणि ज्या फुप्फुसाच्या क्षयात जंतू सापडतात त्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. शिधा म्हणजे प्रौढ माणसामागे दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या.