पेत्रोवची रात्र

रात्री सर्व्हरचा अलर्ट आला की मला स्तानिस्लाव पेत्रोव आठवतो.

२६ सप्टेंबर १९८३. मॉस्कोजवळच्या बंकरमध्ये साहेब रात्रपाळीवर. अचानक सायरन! उपग्रह म्हणतोय, अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडलं. मग आणखी चार. पण इंजिनिअर माणूस, यंत्रणा किती कच्ची आहे हे ठाऊक. त्याला काहीतरी खटकलं. हल्लाच करायचा तर फक्त पाच? रडारवरही काही दिसेना. त्याने वर कळवलं, खोटा अलार्म आहे. खात्री किती? त्याच्याच म्हणण्याप्रमाणे फिफ्टी-फिफ्टी!!

नंतर कळलं, ढगांवरून चमकलेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्र वाटलं होतं. (ही टेस्ट केस कोण लिहिणार?) बक्षीस म्हणाल, तर नोंदवही भरली नाही म्हणून बोलणी खाल्ली.

अलर्ट आला की मीही आधी पाच मिनिटं शांतपणे विचार करतो. बायको म्हणते, घोरतोस.