ज्यांनी पाहिला त्यांना आवडला, मग ‘फ्युरिओसा’ आपटला कसा?

मे २०२४ मध्ये ‘फ्युरिओसा: अ मॅड मॅक्स सागा’ थिएटरमध्ये आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पाहून आलेल्यांनीही चांगला म्हटलं. तरी आठवडाभरात सोशल मीडियावर एकच शब्द फिरत होता, ‘फ्लॉप’. एकाच चित्रपटाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? हे समजून घ्यायचं तर प्रेक्षकांचं मत मोजतात कसं, आणि कुणाचं मोजलंच जात नाही, ते आधी बघावं लागेल.

ही मालिका नेमकी काय आहे?

जॉर्ज मिलर हे ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक मूळचे डॉक्टर. सिडनीतल्या हॉस्पिटलात त्यांनी गाड्यांच्या अपघातातले जखमी जवळून पाहिले होते. त्यातच १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आणि झालेल्या हाणामाऱ्या ताज्या होत्या. यातून १९७९ मध्ये ‘मॅड मॅक्स’ तयार झाला. अगदी तुटपुंज्या बजेटमध्ये बनलेल्या या चित्रपटाने जगभरात १० कोटी डॉलरच्या वर कमाई केली. १९८१ आणि १९८५ मध्ये पुढचे दोन भाग आले.

त्यानंतर तब्बल ३० वर्षांनी, २०१५ मध्ये, ‘फ्युरी रोड’ आला आणि त्याने ६ ऑस्कर मिळवले. त्यातली एका हाताची सेनापती फ्युरिओसा मॅक्सपेक्षाही जास्त भाव खाऊन गेली. ‘फ्युरिओसा’ ही तिच्याच लहानपणापासूनची गोष्ट आहे, म्हणजे प्रीक्वेल.

‘९० टक्के’ म्हणजे १०० पैकी ९० मार्क नव्हेत

‘रॉटन टोमॅटोज’वर ‘फ्युरिओसा’ला समीक्षकांकडून सुमारे ९० टक्के मिळाले. प्रेक्षकांचा आकडाही त्याच्या आसपासच राहिला. पण या टक्क्यांचा अर्थ अनेक जण चुकीचा लावतात. दहापैकी नऊ समीक्षकांनी चित्रपटाला ‘बरा किंवा त्याहून चांगला’ म्हटलं, एवढंच हा आकडा सांगतो. कुणाला किती आवडला हे त्यातून कळत नाही. सगळ्यांना ठीकठाक वाटलेल्या चित्रपटालाही १०० टक्के मिळू शकतात.

दुसरं माप म्हणजे ‘सिनेमास्कोर’. अमेरिकेत पहिल्या दिवशी थिएटरमध्ये आलेल्या प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेतात आणि त्यावरून ए प्लस ते एफ अशी श्रेणी देतात. ‘फ्युरिओसा’ला बी प्लस मिळाली. गंमत म्हणजे आज ज्याला क्लासिक म्हणतात त्या ‘फ्युरी रोड’लाही बी प्लसच मिळाली होती.

या दोन्ही मापांमध्ये एक मेख आहे. मत विचारलं जातं ते पाहिलेल्यांना. जे गेलेच नाहीत, त्यांना कुणी विचारत नाही.

पाहिलेल्यांचे वाद कशावरून झाले?

गोष्टीची गरज: फ्युरिओसा जगणार हे आधीच माहीत असताना जीव टांगणीला कसा लागणार, असं एक गट म्हणत होता. ती अशी कशामुळे झाली हीच खरी गोष्ट आहे, असं दुसऱ्या गटाचं म्हणणं होतं.

वेग: ‘फ्युरी रोड’ हा दोन तासांचा, मोजक्या दिवसांत घडणारा पाठलाग होता. ‘फ्युरिओसा’ अडीच तासांच्या जवळपास जातो आणि पाच प्रकरणांत जवळजवळ १५ वर्षांचा काळ सांगतो. त्यामुळे तोच थरार शोधायला गेलेल्यांना तो लांबलेला वाटला.

कलाकार: मोठी फ्युरिओसा साकारणारी अन्या टेलर-जॉय पडद्यावर बऱ्याच उशिरा येते. तोवरचा भार ॲलिला ब्राऊन या बालकलाकाराने पेलला आणि तिचं कौतुकही झालं. चार्लीज थेरॉन नाही, मॅक्सही जवळपास नाहीच, यावर मात्र जुने चाहते नाराज होते. ख्रिस हेम्सवर्थचा बडबड्या खलनायक डिमेंटस बहुतेकांना आवडला.

ग्राफिक्स: ट्रेलर आल्यापासूनच दृश्यं ‘कॉम्प्युटरवर केल्यासारखी’ वाटतात अशी तक्रार होती. ‘फ्युरी रोड’ची ओळखच खऱ्या गाड्या आणि खरे स्टंट अशी असल्याने ही तक्रार चिकटून राहिली.

एका गोष्टीवर मात्र फारसं दुमत नव्हतं. ते म्हणजे या जगाचा हिशोब. एकाच्या ताब्यात पाणी, दुसऱ्याच्या ताब्यात तेल, तिसऱ्याकडे गोळ्या. इम्मॉर्टन जो उंच कड्यावरून लोकांना पाणी सोडतो आणि मनात येईल तेव्हा बंद करतो. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला ही कल्पना फार लांबची वाटायचं कारण नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं आणि पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागू झाली होती.

मग लोक गेले का नाहीत?

‘फ्युरिओसा’चं बजेट सुमारे १६.८ कोटी डॉलर होतं. जगभरातली कमाई साधारण १७.४ कोटी डॉलर झाली. वरवर बघता पैसे वसूल झाल्यासारखे दिसतात. पण तिकिटाच्या पैशातला जवळपास अर्धा वाटा थिएटरवाले ठेवतात आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो. म्हणजे तोटाच. अमेरिकेत ‘फ्युरी रोड’ने पहिल्या तीन दिवसांत साडेचार कोटी डॉलर कमावले होते. ‘फ्युरिओसा’ पावणेतीन कोटींपर्यंतही पोहोचला नाही.

कारणं अनेक सांगितली गेली. आधीच्या भागानंतर नऊ वर्षांची खंड पडली, नावात मॅक्स असून पडद्यावर नाही, आणि ‘नंतर घरी बघू’ ही सवय. भारतात तर त्याच वीकेंडला, २६ मे रोजी, आयपीएलची फायनल होती आणि लोकसभा निवडणुकीचे टप्पे सुरू होते.

पाच आठवड्यांनी आलेला ‘कल्की’

२७ जून २०२४ ला ‘कल्की २८९८ एडी’ प्रदर्शित झाला. इथेही जग उजाड झालंय, गंगा आटलीय आणि पाणी-हिरवळ वरच्या ‘कॉम्प्लेक्स’मधल्या मूठभरांकडे आहे. ‘मॅड मॅक्सची आठवण येते’, ‘पहिला भाग रेंगाळतो’ अशा तक्रारी याही चित्रपटाबद्दल झाल्या. तरी लोक गेले, आणि निर्मात्यांनी १००० कोटींच्या वर कमाई जाहीर केली.

फरक कुठे पडला? प्रभास आणि अमिताभ ही नावं होतीच. पण गोष्टीतलं एक पात्र प्रेक्षक घरूनच ओळखत होता, ते म्हणजे अश्वत्थामा.

नंदुरबार जिल्ह्यात ही ओळख आणखी जवळची आहे. सातपुड्यातल्या अक्राणी तालुक्यात अस्तंबा हे शिखर आहे. जखमेवर लावायला तेल मागत अश्वत्थामा आजही इथे फिरतो, अशी श्रद्धा आहे. दिवाळीच्या दिवसांत आदिवासी भाविक रात्री डोंगर चढून या अस्तंबा ऋषीच्या यात्रेला जातात. महाभारतातला शापित योद्धा इथे देव आहे. फ्युरिओसाची ओळख मात्र आधीचा चित्रपट पाहिलेल्यालाच असते.

तोरणमाळचा प्रेक्षक कोणत्या आकड्यात?

याच अक्राणी तालुक्यात तोरणमाळ आहे. थंड हवेचं ठिकाण, यशवंत तलाव, महाशिवरात्रीची गोरक्षनाथाची यात्रा यासाठी प्रसिद्ध. इथे चित्रपटगृह नाही. थिएटर गाठायचं तर घाट उतरून ५० किलोमीटरहून लांब शहाद्याच्या दिशेनं जावं लागतं. घरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या इथल्या तरुणासाठी ‘फ्युरिओसा’ची भाषाही परकीच. असा प्रेक्षक चित्रपट बघतो तो मोबाईलवर, काही महिन्यांनी. त्याला तो कितीही आवडला तरी सिनेमास्कोरच्या कार्डावर किंवा पहिल्या वीकेंडच्या कमाईत त्याचं मत येत नाही.

उशिरा आलेलं मत वाया जातं असं मात्र नाही. पहिला ‘मॅड मॅक्स’ अमेरिकेत उच्चार बदलून, डब करून दाखवला गेला होता आणि तिथे तो फारसा चालला नाही. इतका की दुसरा भाग तिथे ‘द रोड वॉरियर’ अशा वेगळ्याच नावाने लावावा लागला. आज त्याच मालिकेचे चाहते जगभर आहेत.

पुढे काय?

मिलर यांच्याकडे ‘मॅड मॅक्स: द वेस्टलँड’ची कथा तयार आहे. पण ‘फ्युरिओसा’ कसा चालतो त्यावर पुढचं ठरेल, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मिलर यांचा जन्म १९४५ चा, त्यामुळे थांबायला वेळही कमी. घरी बसून दिलेले पाच स्टार चित्रपटाला क्लासिक बनवू शकतात, त्याचा पुढचा भाग मात्र थिएटरच्या तिकिटावरच ठरतो. म्हणून पुढच्या वेळी ‘फ्लॉप’ वाचलंत तर तो ‘वाईट’ आहे असं लगेच समजू नका. लोक गेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ असतो.