वैद्यकीय शिक्षण व संशोधन (नांदेड–लातूर परिसर)

नांदेड व लातूर ही मराठवाड्यातील नगरे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात मोडत असत. त्यामुळे या परिसरातील आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा पूर्वेतिहास १८४६ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबाद वैद्यकीय शाळेशी निगडित आहे. शाळेचे प्राचार्य एडवर्ड लॉरी हे क्लोरोफॉर्म देताना नाडीपेक्षा श्वसनावर लक्ष ठेवण्यास शिकवीत. भुलेत रुग्ण दगावत असल्याने हा प्रश्न महत्त्वाचा होता. त्याच्या निर्णयासाठी १८८८ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगाने प्राण्यांवर प्रयोग केले. द लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकाने निष्कर्षांबद्दल शंका घेतल्यावर निजामाच्या खर्चाने १८८९ मध्ये दुसरा आयोग बसला. त्यात औषधिवैज्ञानिक लॉडर ब्रंटन सहभागी झाले. हृदयाच्या आधी श्वसन थांबते, असाच निर्वाळा त्यानेही दिला. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे भूलतज्ञ म्हणून प्रसिद्धीस आल्या.

तथापि हलक्या भुलेतही हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये मांजरांवरील प्रयोगांनी दाखविले. श्वसनावर लक्ष ठेवण्याची शिकवण उपयुक्त ठरली. हृदयाला धोका नसतो, हे मत मात्र टिकले नाही. गुरूच्या मताचीही फेरतपासणी व्हावी लागते, हे या प्रकरणाचे शैक्षणिक महत्त्व होय.

नांदेड येथे १९८८ मध्ये व लातूर येथे २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यास प्रबंध सादर करावा लागतो. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९७९ मध्ये अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली. स्वतः घेतलेल्या नोंदींवरून प्रचलित मत पारखण्याची सवय लावणे, हा या दोहोंचा हेतू आहे.