एक सीट की आठवड्याला पाच पौंड?

समजा, साल 1976 आहे आणि तुम्ही इंग्लंडमधल्या एखाद्या मध्यम गावात राहता. लहानपणच्या पोलिओमुळे दोन्ही पायांत ताकद नाही. दाराबाहेर फिकट निळ्या रंगाची, तीन चाकांची, एकाच माणसापुरती गाडी उभी आहे. गाडी सरकारची आहे, पण दुरुस्ती आणि विमा सरकारच बघतं. आणि आता एक नवा भत्ता निघालाय, आठवड्याला 5 पौंड. तो हवा असेल तर गाडी परत करायची. काय कराल?

घाई करू नका. हजारो लोकांना हा प्रश्न खरोखर पडला होता, आणि माझ्या पीएचडीचं एक अख्खं प्रकरण त्याच्याभोवती फिरतंय. एमएस्सी फिजिक्स केलेली मुलगी अपंगांच्या गाड्यांचा इतिहास का लिहितेय, असं घरी अजूनही विचारतात. त्याचं उत्तर शेवटी देते.

निळी गाडी

आधी गाडीची ओळख करून घेऊ. बर्ट ग्रीव्ह्ज नावाच्या इंजिनिअरचा चुलतभाऊ डेरी प्रेस्टन-कॉब कमरेखाली अधू होता. ग्रीव्ह्जने त्याच्यासाठी इंजिन लावलेली एक गाडी बनवली. त्यातून इन्व्हाकार ही कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धातून पाय गमावून परतलेले सैनिक बरेच होते. 1948 मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यावर युद्धाशी संबंध नसलेल्या अपंगांनाही सरकारकडून अशा गाड्या मिळू लागल्या. लोक त्यांना नुसतं ‘ट्राइक’ म्हणायचे. सत्तरच्या दशकात रस्त्यावर अशा वीस हजारांच्या आसपास गाड्या होत्या.

ज्याला चालता येत नाही, त्याला ही गाडी म्हणजे नोकरी, दुकान, मित्राचं घर. हे विसरून तिच्यावर टीका करणं सोपं आहे. पण टीका करण्यासारखं खूप होतं. पुढे एक चाक, मागे दोन. तीन टेकू म्हणजे त्रिकोण. गुरुत्वमध्यावर लागणाऱ्या बलांची रेषा त्या त्रिकोणाबाहेर गेली की गाडी कलंडते. पुढच्या बाजूला त्रिकोण निमुळता होतो, त्यामुळे वळणावर ब्रेक मारला किंवा बाजूने जोराचा वारा आला की धोका वाढतो. वर अंग फायबरग्लासचं, वजनाला हलकं. वापरणाऱ्यांच्या तक्रारींत वारा वारंवार येतो.

आणि सीट एकच! नवरा, बायको, मूल, कुणालाही शेजारी बसवायची परवानगी नव्हती. आई ट्राइकमधून पुढे आणि मुलं मागून बसने, असं चालायचं. गाडी रस्त्यात बंद पडली तर आत एकटा माणूस, ज्याला खाली उतरून चालता येत नाही. शिवाय ज्याला स्वतः गाडी चालवताच येत नव्हती, उदाहरणार्थ हातांतही ताकद नसलेला माणूस किंवा लहान मूल, त्याला या योजनेत काहीच नव्हतं.

पाच पौंड कुठून आले

ट्राइकविरुद्ध सर्वात जास्त बोलले ते ती चालवणारेच. मग सरकारने लेडी शार्प या निवृत्त वरिष्ठ अधिकाऱ्यांना अहवाल लिहायला सांगितलं. 1974 च्या त्यांच्या अहवालात मुद्दा सरळ होता: ट्राइक बंद करा आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांना साधी चारचाकी द्या. पण यात गाडी न चालवणारे पुन्हा बाहेरच राहत होते. तेव्हा मंत्री होत्या बार्बरा कॅसल, आणि अपंगांच्या प्रश्नांसाठी खास नेमलेले मंत्री होते आल्फ मॉरिस. त्यांच्या सरकारने वेगळा रस्ता धरला. वस्तू देण्याऐवजी रोख भत्ता, गाडी चालवता येवो न येवो. हा ‘मोबिलिटी अलाउन्स’ 1976 मध्ये सुरू झाला, वयोगटांप्रमाणे टप्प्याटप्प्याने. त्याच वर्षी सरकारने जाहीर केलं की नव्या अर्जदारांना आता ट्राइक मिळणार नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती शक्य तोवर वापरावी, किंवा सोडून भत्ता घ्यावा.

तत्त्व म्हणून हे चांगलंच होतं. चालता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलापर्यंत मदत पोचणार होती. टॅक्सी करा, शेजाऱ्याला पेट्रोल भरून द्या, तुमचे पैसे तुम्ही ठरवा. आता कागद-पेन घ्या.

हिशेब करून बघू

5 पौंड गुणिले 52 आठवडे, म्हणजे वर्षाला 260 पौंड. नव्या छोट्या गाडीची किंमत तेव्हा हजार पौंडांच्या वर होती. म्हणजे भत्त्यातली एक दमडीही दुसरीकडे खर्च न करता चार-पाच वर्षं साठवायचं, तेव्हा कुठे गाडी. हाताने चालवण्यासाठीचे बदल, विमा, दुरुस्ती वेगळी. सुरुवातीला भत्त्यावर आयकरही लागत होता. आणि 1975 मध्ये ब्रिटनमधली महागाई 24 टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे साठवलेले पैसे डोळ्यांदेखत झिजणार.

उलट बाजूला काय? धोकादायक, एकट्याची, पण आज दाराशी उभी असलेली गाडी.

फिजिक्समध्ये पहिल्याच वर्षी शिकवतात, दोन राशींची तुलना करायची तर एकक एकच हवं. मीटर आणि किलो यांत मोठं काय, हा प्रश्नच चुकीचा. इथे नेमकं तेच झालं होतं. सरकार दोन्ही बाजू पौंडांत मांडत होतं. माणूस मोजत होता तो फेऱ्यांत: सोमवारी कामावर कसा जाऊ, आणि रविवारी मुलांना बरोबर कसं नेऊ. पहिल्या प्रश्नाला ट्राइक हे उत्तर होतं आणि भत्ता नव्हता. दुसऱ्याला ट्राइक अजिबात नव्हती, भत्ता मात्र कदाचित होता. त्यामुळे एकाच आजाराच्या दोन माणसांनी वेगवेगळे निर्णय घेतले तर दोघंही बरोबर असू शकतात.

कोंडी कशी फुटली

दोन गोष्टी घडल्या. 1977 मध्ये नियम आले, की ट्राइक सोडून भत्त्याकडे येणाऱ्यांची नवी वैद्यकीय तपासणी होणार नाही आणि त्यांना वयाची अटही लागणार नाही. हा मुद्दा कोरडा वाटतो, पण मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो. लोक अडले होते ते पैशापेक्षाही एका भीतीपाशी: गाडी परत केली आणि भत्त्याच्या तपासणीत नापास झालो तर? दोन्हीकडून जाऊ. नियमाने ती भीती काढून टाकली.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मोटॅबिलिटी’. लॉर्ड गुडमन यांच्या अध्यक्षतेखाली 1977 मध्ये ही संस्था उभी राहिली. कल्पना साधी होती: तुमचा भत्ता थेट संस्थेकडे वळवा आणि त्या बदल्यात चारचाकी भाड्याने घ्या. म्हणजे पौंडांचं पुन्हा फेऱ्यांत रूपांतर करणारं यंत्र. आज ब्रिटनमध्ये लाखो लोक त्या गाड्या वापरतात. तरी काहींनी ट्राइक सोडली नाहीच. उरलेल्या गाड्या 31 मार्च 2003 ला रस्त्यावरून काढल्या गेल्या.

तोच प्रश्न, उलटा

1992 मध्ये मोबिलिटी अलाउन्स ‘डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स’मध्ये, म्हणजे डीएलएमध्ये सामावला. मग एप्रिल 2013 पासून डीएलएच्या जागी ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’, म्हणजे पिप आलं. 8 एप्रिल 2013 ला ज्यांची 65 वर्षं पूर्ण झाली होती ते डीएलएवर राहिले. त्याहून लहान प्रौढांना पत्र येणार होतं. पत्र आल्यावर 28 दिवसांत अर्ज करायचा, नाहीतर डीएलए थांबणार. काहींना पत्राची वाट न बघता स्वतःहूनही जाता येत होतं, पण एकदा पिपकडे वळलं की मागे फिरणं नाही.

आणि इथे 1977 सारखा दिलासा नव्हता. तपासणी नव्याने, मोजपट्टीही नवी. डीएलएमध्ये चालण्याच्या वरच्या दरासाठी व्यवहारात साधारण 50 मीटरचा अंदाज धरला जायचा. पिपमध्ये तो 20 मीटरवर आला. दोन एसटी बस एकामागे एक उभ्या करा, तेवढं अंतर. 30 मीटर कसंबसं चालणारा माणूस काल पात्र होता, आज कदाचित नाही. वरचा दर गेला की मोटॅबिलिटीची गाडीही परत.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पिपमध्ये एकट्याने प्रवास आखणं आणि पार पाडणं याला गुण आहेत, त्यामुळे डीएलएमध्ये कमी मिळणाऱ्या काहींना, विशेषतः मानसिक आजार असलेल्यांना, जास्त मिळालं. म्हणजे ‘स्वतःहून जाऊ की थांबू’ याला सगळ्यांसाठी एक उत्तर तेव्हाही नव्हतं.

एवढा इतिहास वाचून माझ्या वहीत चार प्रश्न उरलेत. कुठल्याही देशात, एक मदत सोडून दुसरी घ्यायची वेळ आली तर ते विचारून बघा. मी मोजतेय कशात, रुपयांत की फेऱ्यांत? नवी मदत नाकारली गेली तर जुनी परत मिळेल का, आणि तसं लेखी कुठे आहे? मला पुन्हा कोण तपासणार, कुठल्या पट्टीने? आणि जुन्या मदतीला चिकटून दुसरं काय काय येतंय, जे तिच्याबरोबरच जाईल?

आता घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या मामाला पोलिओ आहे. त्याच्याकडे साइड व्हील लावलेली जुनी स्कूटर होती. मागे मामी, पुढे उभी मी, आणि आम्ही बाजारात. ती फार खर्च काढायला लागली तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाक, रिक्षाने फिर, हिशेबात स्वस्त पडेल. मी त्याला खरंच आकडे मांडून दाखवले होते. मामाने कागद नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाला, “बरोबर आहे गं. पण रिक्षावाला नाही म्हणतो ना, ते यात कुठे धरलंयस?”

ते धरलं नव्हतं. माझा प्रबंध म्हणजे तो रकाना भरायचा प्रयत्न आहे.